समन्स आणि कैफियत

आपल्या सीमाभागात न्यायालयाचा बेलिफ दारात आला की घरातील कर्ता पुरुष मागच्या दाराने मळ्याकडे निघतो, असे दृश्य अनेकदा दिसते. समन्स घेतलेच नाही तर दावा उभाच राहणार नाही, अशी भाबडी समजूत त्यामागे असते. वस्तुतः नाकारलेले समन्स दाराला चिकटवता येते आणि गैरहजर प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामाही होतो. त्यातून कागद कानडीतला. तो वाचून घेण्यासाठी म्हणून आपण वकिलाकडे जातो आणि वकीलपत्रावर सही करूनच परततो.

दिवाणी दाव्यात पक्षकाराला स्वतः उभे राहण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. प्रश्न मुभेचा नाही, विवेकाचा आहे. आपल्या वतीने दुसरा बोलतो तेव्हा त्या शब्दांचे उत्तरदायित्व कोणाचे?

जुलै १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्यांनी आपला बचाव स्वतःच केला. जामिनासाठी बॅरिस्टर जीना उभे राहिले होते. न्यायमूर्ती दावर यांनी तो अर्ज फेटाळला. पुढे एकवीस तासांहून अधिक काळ लोकमान्य स्वतः बोलले. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. ‘केसरी’चे लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि त्या भाषांतरात मूळ अर्थ कसा बिघडला हे दाखविण्यात लोकमान्यांना पुष्कळ शक्ती खर्चावी लागली. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. आपल्या शब्दांचा अर्थ आपणच सांगावा ही तळमळ, परभाषेतील समन्स हाती घेऊन बसलेल्या सीमावासीयास निराळी समजावून सांगावी लागणार नाही. अर्थात लोकमान्य एलएल.बी. होते. त्यांचा कित्ता कोणीही गिरवावा, असे आम्ही म्हणणार नाही.

आमच्या मनात आहे तो साधा, घरगुती दावा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. बहीण वाटणी मागते, भावाला समन्स येते. मिळकत वडिलोपार्जित आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी कैफियतीत उमटते, ‘सदर मजकूर खोटा असून प्रतिवादीस नाकबूल.’ जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल धरले जाते, म्हणून वकील सावधगिरीने सारेच नाकारतो. त्याचा तो व्यवसायच. परंतु मजकूर खरा असल्याच्या सत्यापनाखाली सही असते ती भावाची. असा भाऊ स्वतः न्यायालयात गेला आणि ‘हिस्सा मान्य आहे, फक्त मोजणी नीट व्हावी’ एवढेच सांगितले, तर त्याला वकील कशाला हवा?

मात्र समोर बलाढ्य सावकार असेल, घर किंवा तंबाखूचे एकुलते एक रान जाणार असेल, तर एकट्याने जाणे हा बाणेदारपणा नव्हे. तो मुलाबाळांच्या जिवावरचा हट्ट झाला. त्यासाठी १९८७ च्या कायद्याने मोफत विधी साहाय्य ठेवले आहे. स्त्रियांना तर ते उत्पन्नाची अट न लावता मिळते. (बहिणीला वकील परवडणार नाही, या हिशेबावर विसंबणाऱ्या भावांनी हे ध्यानी घ्यावे.)

कैफियत देण्यास समन्स मिळाल्यापासून तीस दिवस असतात. बहीण कोल्हापुरात दिली असेल तर निपाणीहून एस.टी.ने तासाभराचा रस्ता आहे.