टाचणीएवढे बंड

साखरखेर्ड्याच्या मातीला बंड नवे नाही. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी याच शिवारात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. दिल्लीच्या बादशहाने दख्खनची सुभेदारी मुबारिझखानाला दिली होती आणि निजामाला ती सोडायची नव्हती. मुबारिझखान मारला गेला; गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. गंमत अशी की जिंकूनही निजामाने बादशहाशी नाते तोडले नाही. नाणी बादशहाच्याच नावाने पडत राहिली. नोकरी सोडायची नाही आणि हुकूमही पाळायचा नाही, ही रीत आमच्या गावाने तीनशे वर्षांपूर्वीच पाहिली.

आज आमची माणसे टाचणीने लढतात. साहेब शिपायाला घरच्या सिलिंडरसाठी पिटाळतो. शिपाई मुकाट जातो, पण दोन तासांनी परततो. साहेब चारचौघांत कारकुनाला म्हणतो, "तुम्हाला काही कळतं का?" दुसऱ्या दिवसापासून कारकून खरोखरच काही कळत नसल्यासारखा वागतो. प्रत्येक कागदावर शेरा: 'मार्गदर्शन व्हावे.' सारे नियमात बसते. साहेब वैतागतो, कारकून त्या रात्री शांत झोपतो.

हे हसण्यावारी नेऊ नये. जेम्स स्कॉट या अमेरिकन अभ्यासकाने मलेशियातल्या भातशेतीच्या एका खेड्यात राहून १९८५ साली यावर पुस्तकच लिहिले. दिरंगाई, न समजल्याचे सोंग, पाठीमागची कुजबुज यांना त्याने दुबळ्यांची हत्यारे म्हटले. आम्हाला ते पटते. तासिका तत्त्वावरचा शिक्षक किंवा अकरा महिन्यांच्या करारावरची नर्स यांची खुद्दारी दुसरी कुठे जाणार? "उघड बोला" असा उपदेश करणाऱ्यांची स्वतःची पेन्शन बहुधा शाबूत असते.

पण कारकुनाने साहेबावरचा राग ज्या फायलीवर काढला, ती फाईल कोणाची? शेंदुर्जनहून एखादी विधवा बाई पगाराच्या दाखल्यासाठी नव्हे, अनुदानाच्या कागदासाठी आलेली असते. त्या दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून. तिला सांगितले जाते, "साहेब नाहीत, सोमवारी या." साहेब आत चहा पीत असतो. साहेबाचा पगार थांबत नाही. बंड त्याच्याविरुद्ध आणि दंड भरते ती बाई. शिवाय आपण कशाचा दंड भरला हेही तिला कळत नाही. १९७७-७८ साली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला. त्यातही लोकांचे हाल झाले, पण कचेरी का बंद आहे हे लोकांना ठाऊक होते, आणि संपकऱ्यांनी स्वतःचा पगारही पणाला लावला होता. टाचणीच्या बंडाला मात्र तिसऱ्याशी खोटे बोलावे लागते. आमचा आक्षेप तेवढ्यावर आहे.

२०१६ साली शिक्षण खात्याने वर्गातल्या मुलांसोबत सेल्फी काढून पाठवण्याचा आदेश काढला तेव्हा शिक्षकांनी विरोध केला. सेल्फी न काढल्याने कोणत्या मुलाचा पाढा अडला असता? तो नकार जिथे पोचायचा तिथेच पोचला.

आमच्या घरांतून कामाला अमानत म्हणण्याची रीत आहे. साहेब लोक हा शब्द सोयीने ऐकवतात, जणू अमानत त्यांच्या मालकीची. सरकारी टेबलावरची अमानत खिडकीबाहेर उभी असते, उन्हात, हातात पिशवी घेऊन. तिला हात न लावता साहेबाला जे चिमटे काढायचे ते खुशाल काढावेत. सिलिंडरवाल्या शिपायाला आम्ही कधीच दोष देणार नाही.

एक जुने हेडक्लार्क आम्हाला माहीत होते. साहेबाने अपमान केला की ते खिडकीवरचे सगळे कागद त्याच दिवशी हातावेगळे करीत. मग चष्मा पुसून साहेबाचेच प्रवासभत्त्याचे बिल काढीत आणि सुवाच्य अक्षरात लिहीत: 'तिकीट जोडलेले नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.'