गेलेल्या गावाची नक्कल

दिनांक 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या महापुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले, दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि जे उरले त्यांचे पुनर्वसन होऊन नवे मोवाड वसले. परंतु स्मृतिभ्रंशाच्या व्याधीत अलीकडचे आधी पुसले जाते व पूर्वीचे पुष्कळ काळ टिकून राहते, त्यामुळे त्या व्याधीने ग्रासलेल्या वृद्धाला नवे गाव परके होऊन जुन्याचीच ओढ लागावी, हे स्वाभाविक आहे. अशा एका वृद्धेविषयी, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले तिचे धाकटे बंधू आणि नागपुरास वैद्यकी करणारी त्यांची पुतणी यांच्यातील हा संवाद आहे. माणसे कल्पित आहेत. पेच खरा आहे.

पुतणी : काकाजी, आत्याबाई रोज संध्याकाळी गाठोडे बांधून ‘मले मोवाडले पोचवून द्या’ म्हणतात, आणि बसलेल्या असतात मोवाडातच. आभासी वास्तवाचे साधन डोळ्यांवर बांधले की मान वळवावी तिकडे चित्र दिसते. जुनी छायाचित्रे जमवून त्यात पूर्वीचे गाव उभे करता येईल. इंग्लंडात ‘द वेबॅक’ या उपक्रमाने 1953 सालच्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकदिनाची एक गल्ली अशाच रुग्णांकरिता चित्रित केली आहे.

काकाजी : जे गाव नाही ते आहे असे एका असहाय जिवाला भासवायचे, याला आमच्या दफ्तरात बनावट दस्तऐवज म्हणत. बरे, त्याने तिला गुण तरी येईल काय?

पुतणी : रोग हटणार नाही. आठवणींना उजाळा देणाऱ्या उपचारांची जी कॉक्रेन समीक्षा 2018 साली निघाली, तीत लाभ आढळले ते अल्प, आणि सर्वत्र सारखे नाहीत. केंट विद्यापीठाच्या 2019 सालच्या आभासी वास्तवाच्या अभ्यासात तर आठच रुग्ण होते. घटकाभर चित्त रमेल, बोलणे सुटेल, एवढेच मी म्हणते.

काकाजी : तेवढ्यासाठी सत्याचा सौदा? नॉझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1974 साली हवे ते सुख भासवणारे यंत्र कल्पिले, आणि माणसाला सुखाच्या अनुभवाखेरीज आणखीही काही हवे असते, असा निष्कर्ष काढला.

पुतणी : नॉझिकच्या माणसाला निवड करता येत होती, आत्याबाईंच्या ठायी भास आधीच वस्तीस आला आहे. आणि तुम्ही ‘गाव वाहून गेले’ असे सांगता, तेव्हा त्यांना ती वार्ता दरवेळी प्रथमच कळते.

काकाजी : दोरीवर साप भासला तर दिवा आणावा, ही वेदान्ताची रीत, ज्ञान झाले की प्रातिभासिकाचा बाध होतो. पण जिथे दिवाच लागत नाही तिथे ‘साप नाही’ म्हटल्याने भयाचा घाम वाळत नाही, हे मला मान्य आहे. मात्र ज्याच्या ठायी बाध संभवत नाही, त्याच्यापुढे भास उभा करणाऱ्याची जोखीम शतपट वाढते. उद्या कोणी म्हणेल, पुरात गेलेली तिची लेकही दाखवा, तिच्याच आवाजात बोलवा.

पुतणी : तेही आता अशक्य राहिलेले नाही.

काकाजी : तिथे माझी सक्त हरकत आहे. गाव सर्वांचे होते. चित्राची रुजवात घ्यायला आजही साक्षीदार हयात आहेत. त्या मुलीच्या तोंडी तिने न उच्चारलेले शब्द घालण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, आणि 1776 साली त्याला देहान्ताची सजा होईपर्यंत कित्येकांच्या आशेवर त्याचा व्यवहार चालला. गावाची नक्कल निघेल. माणसाचा तोतयाच निघतो.

पुतणी : पण नकलेवर तारीख असते, आणि आत्याबाईंना ती कळणार नाही.

काकाजी : तिने ती जाणावी असा आग्रहच नको. तारीख शेजारी बसणाऱ्याने सांभाळावी, आणि तिने बोलावे ते ऐकावे. असा माणूस नसेल तर साधन पेटीतच राहू दे.

पुतणी : मलाही खरे भय त्याचेच आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. सांभाळणारे थकलेले असतात, आणि यंत्र लावून वावरात निघून जाण्याचा मोह मोठा आहे. म्हणून त्यांना खुर्चीत बसवून थोडीच मिनिटे दाखवायचे, भोवळ वा भय दिसले किंवा हात साधनाकडे गेला की तत्काळ काढायचे. या यंत्राला वास नाही; आंबिया बहाराचे दिवस असतील तर संत्र्याची फुललेली डहाळीच हातात द्यावी.

काकाजी : आणि तिची संमती?

पुतणी : ती घेण्याची वेळ टळली, आता त्यांचा चेहरा वाचणे हाच मार्ग. तुमची वेळ मात्र टळलेली नाही. मानसिक आजारपणात आपली शुश्रूषा कशी व्हावी, कशी होऊ नये, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने प्रत्येक प्रौढास दिला आहे.

काकाजी : मग माझ्या कैफियतीत लिही : गाव दाखवा, गेलेली माणसे दाखवू नका, आणि मला एकटे बसवून काहीच दाखवू नका.

हा निवाडा एका घरापुरता नाही. जुने मोवाड पाहिलेली माणसे आज हयात आहेत, तोवर गल्ली गल्लीची हकीकत त्यांच्याकडून लिहून घ्यावी. आणि ज्याला आपल्या वार्धक्याविषयी काही सांगायचे असेल त्याने शुद्ध स्मृती असतानाच ते लेखी करून ठेवावे.