दान आणि विश्वास



मागे एकदा मिस्सा संपल्यावर एका आईने मला थांबवून विचारले, "फादर, लेकरू मशीनवर असताना त्याचे अवयव मागतात म्हणे. मग ते डॉक्टर त्याला वाचवायला खरंच झटले असतील का?" मोठ्या दवाखान्यात नेले की किडनी काढून घेतात, ही भीती आपल्या गावागावांत आहे. तिच्यावर हसू नये. तिच्यामागे एक गंभीर नैतिक प्रश्न आहे.

2018 साली आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील एका सहा वर्षांच्या मुलीचे अवयव नागपुरात आईवडिलांनी दान केले. तिचे हृदय मुंबईत एका लहान मुलीला मिळाले. मूत्रपिंड किंवा यकृताचा तुकडा आईबाप आपल्या मुलाला जिवंतपणी देऊ शकतात. हृदयाचे तसे नाही. मोठ्या माणसाचे हृदय लहानग्या छातीत मावत नाही. ते दुसऱ्या बालकाचेच लागते.

मोठा माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतो, पण बालकाला ते शक्य नाही. 1994 च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाच्या मेंदूमृत्यूनंतर आई किंवा वडील संमती देऊ शकतात. पण माणूस कधीही केवळ साधन होऊ नये, असे तत्त्वज्ञ कांट यांनी बजावले आहे. मग जे मूल स्वतः बोलू शकत नाही, ते साधन होणार नाही याची राखण कोण करणार?

इथे बालरोगतज्ज्ञाचे काम सुरू होते. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासून ठरवायचा असतो. तान्ह्या बाळांच्या बाबतीत त्याहून अधिक थांबतात. त्या चौघांत उपचार करणारा डॉक्टर असतो. प्रत्यारोपण करणाऱ्यांना मात्र तिथे जागा नाही. ही भिंत फार मोलाची आहे. मूत्रपिंड निकामी झालेले दुसरे एखादे मूल याच डॉक्टरकडे येत असेल. त्याचा आजार वेळेत ओळखणे, त्याला नागपूरला पाठवणे, प्रत्यारोपणानंतर त्याच्या औषधांवर लक्ष ठेवणे हेही त्याचेच कर्तव्य. पण त्या मुलाची आशा मनात धरून त्याने या मुलाच्या खाटेकडे पाहू नये. शेवटपर्यंत तो या मुलाचाच डॉक्टर असला पाहिजे.

आणखी एक जबाबदारी शब्दांची. मशीनमुळे छाती हलते, अंग उबदार असते. अशा वेळी "आता आशा कमी आहे" असे मोघम बोलले, तर आपल्या सहीने लेकरू गेले असे आईला जन्मभर वाटत राहील. "तुमचे बाळ वारले आहे" हे डॉक्टरने आधी सांगावे, आईबापांना रडू द्यावे. अवयवांचा विषय त्यानंतरच निघावा.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 29 ऑगस्ट 2000 रोजी प्रत्यारोपण तज्ज्ञांपुढे अवयवदानाला प्रेमाची कृती म्हटले. मेंदूमृत्यूचे निकष काटेकोर पाळले, तर ते ख्रिस्ती शिकवणीविरुद्ध नाहीत, हेही सांगितले. मात्र संमती मोकळ्या मनाची हवी. म्हणून "नाही" म्हणणाऱ्या आईबापांना कोणी दोष देऊ नये.

त्या आईला मी म्हणालो, "बाई, हा प्रश्न डॉक्टरलाच विचारा. समजले नाही तर पुन्हा विचारा." जो डॉक्टर खाटेशेजारी बसून या प्रश्नाचे शांतपणे उत्तर देतो, त्याच्यामुळेच आईबापांचे दान खरे दान होते.

ख्रिस्तामध्ये आपला,
तुमचे फादर