गाडी बंद पडली काय?

गेल्या श्रावणात एके सकाळी मी शेताला पायी निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत चौघांनी गाड्या थांबवल्या. "काय झालं अण्णा, गाडी बंद पडली काय?" पाचवा तर "बसा मागं" म्हणून हटूनच बसला. मी म्हटलं, "बाबा, मुद्दाम चाललोय." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की घरात काहीतरी भांडण झालंय आणि मी रागानं निघालोय. आमच्या मंद्रूपात आता पायी चालणाऱ्या माणसाला कारण सांगावं लागतं.

कारण तसं साधं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली. "रोज अर्धा-पाऊण तास चालत जा," म्हणाले. मी मनात हसलो. शेतकऱ्याला चालायला सांगायचं म्हणजे बैलाला चारा कसा खायचा ते शिकवायचं. पण येताना एसटीत बसून हिशोब केला आणि हसू गेलं. शेत घरापासून दोन किलोमीटर. मोटारसायकल घेतल्यापासून मी घरातून निघतो तो थेट बांधावर उतरतो. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू होते. नांगरट ट्रॅक्टरनं, फवारणी गड्यानं. दूध घालायला गाडी, बँकेत गाडी, अपर तहसीलला सातबाऱ्यासाठी गाडी. दोन गल्ल्या पलीकडं दाढी करायला जायचं तरी किक मारायची. मी शेतकरी होतो, पण माझ्या पायाला काम राहिलं नव्हतं.

आमचे आबा चालायचे. विजापूर रस्त्यावर आमच्या जवळच तेरामैल नावाचं ठिकाण आहे. मैल गेले, किलोमीटर आले, नाव तेच राहिलं. आबांचा हिशोबही मैलांचाच असायचा. संक्रांतीला ते आम्हा पोरांना हत्तरसंग कुडलला चालवत न्यायचे. भीमा आणि सीना तिथं मिळतात. तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे हे आम्हाला फार पुढं कळलं. तेव्हा आमचं लक्ष फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरीवर आणि गरगट्टयावर. पोहोचायला वेळ लागायचा, कारण आबा दर वस्तीवर थांबायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची विहीर आटली, सगळं विचारत जायचे. आम्ही पोरं वैतागायचो.

पण म्हणून जुनं चालणं सगळं गोड होतं असं मी लिहिणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला कामावर जायची. जाताना चालत, दिवसभर उन्हात घण, येताना चालत. तिनं त्या चालण्याचं कौतुक कधी केलं नाही. रात्री पाय भिंतीला लावून पडायची. आणि २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली तेव्हा याच मोठ्या रस्त्यानं माणसं डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं घेऊन गावाकडं चालली होती. आम्ही पाणी दिलं, भाकरी दिली. त्यांना कुणी म्हणालं असतं का, की चालणं तब्येतीला बरं असतं? ज्याला गाडीला पर्याय आहे त्यानं चालणं वेगळं आणि ज्याला पर्यायच नाही त्यानं चालणं वेगळं. गाडीला शिव्या द्यायचा मला अधिकार नाही. सूनबाईला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या, तेव्हा गाडीनंच नातू सुखरूप हातात दिला.

मग मला प्रश्न पडला. ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यानं का चालावं? नुसती साखर उतरावी म्हणून?

नातवानं माझ्या मोबाईलात पावलं मोजायची सोय करून दिली. रोज दहा हजार व्हायला पाहिजेत म्हणाला. मी विचारलं, दहा हजारच का? त्यानं शोधून वाचून दाखवलं. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' असं होतं. तिथून तो आकडा जगभर पसरला. म्हणजे आधी नाव आलं आणि मग नियम झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं. माझ्या शेताची एक खेप पुरे.

हे सगळं मी चहा पिताना घरात सांगत होतो. आमची मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, "माझी पावलं मोजतं का ते यंत्र?" दुसऱ्या दिवशी मोबाईल तिच्या कमरेच्या पिशवीत ठेवला. चूल, गोठा, हौद, वाळवण, दुकान, परत गोठा. संध्याकाळी बघितलं तर माझ्या दीडपट. घराचा उंबरा फारसा न ओलांडता. तिनं आकडा बघितला, मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता धारा तुम्ही काढा." आता सकाळच्या धारा मी काढतो.

पण प्रश्नाचं उत्तर मला मोबाईलात मिळालं नाही. ते शेताच्या वाटेवर मिळालं.

त्या वाटेवर माझ्या एका बालमित्राची वस्ती आहे. दारात मोठा लिंब. आम्ही एकाच वर्गात दहावीपर्यंत शिकलो. आधी शेताला जाता-येता त्याच्या लिंबाखाली टेकल्याशिवाय माझा दिवस जायचा नाही. गाडी आली आणि टेकणं गेलं. तो हात करायचा, मी हॉर्न वाजवायचो. त्या श्रावणातल्या सकाळी मी सवयीनं त्याच्या दारात थांबलो, तर दाराला कुलूप. लिंबाखाली पाला साठलेला. शेजारच्या रानातली मावशी म्हणाली, "ते पुण्याला गेले की, पोराकडं. दीड महिना झाला. जमीन वाट्यानं दिली."

दीड महिना! मी रोज दोन वेळा त्या दारावरून जात होतो आणि मला कुलूप दिसलं नव्हतं. तिथंच उभं राहून फोन लावला. तो म्हणाला, "आरं, जायच्या आदल्या दिवशी हात केला होता तुला. तू नुसतं पीं पीं केलंस आणि गेलास." रागानं नाही, हसूनच बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पुढं शेतात पोहोचलो तर खालच्या कोपऱ्यात बांध खचलेला. माझ्या रानातलं पाणी आणि माती शेजाऱ्याच्या उडदात चालली होती. तो बिचारा काही बोलला नव्हता. मी गाडीवरून वरच्या बांधावर उतरायचो आणि तिथूनच 'रान बरं आहे' म्हणून परत फिरायचो.

गाडी वेळ वाचवते, हे खरं. शेताच्या खेपेला माझा अर्धा-पाऊण तास वाचायचा. तो वेळ मी कुठं ठेवला? हॉटेलात चहाच्या बाकड्यावर. मला आता असं वाटतं की तो वेळ सगळा माझा नव्हताच. त्यात वाटेवरच्या माणसांचा वाटा होता, बांधाचा वाटा होता. गाडी घेतली आणि तो वाटा मी परस्पर खाल्ला. वाट्यानं रान केलेल्या माणसाला ही चोरी समजावून सांगायला नको.

विनोबा भावे १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीहून भूदानासाठी चालायला लागले, तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. पुढं तेरा-चौदा वर्षं गावोगाव चालत राहिले. मोटारी तेव्हाही होत्या, आणि त्यांना कुणी नाही म्हटलं नसतं. पण धूळ उडवत येऊन कुणाकडं जमीन मागता येत नाही. मागणारा दारात आपल्या पायानं आला, तर घरातला माणूस निदान बाहेर येऊन उभा राहतो. माझं मागणं एवढं मोठं नाही. मला फक्त शेजारी काय चाललंय ते कळायला पाहिजे.

म्हणून मी माझ्यापुरता नेम केला आहे. दोन किलोमीटरच्या आत आणि हातात ओझं नसेल तर पायी. खताचं पोतं, आजारी माणूस, कोर्टाची तारीख, यांना गाडी. मोठ्या चौपदरी रस्त्यानं चालत नाही, तिथं जीव मुठीत धरावा लागतो. जुनी पाणंद धरतो. चिखलाच्या दिवसात नेम मोडतो, त्याचं दुःख करत नाही. कुणी "बसा" म्हणालं तर कधी कधी बसतोही, कारण त्याचं मन मोडून चालण्यात काय पुण्य?

साखर थोडी उतरली आहे. बांध घातला, शेजाऱ्याला उडदाची भरपाई म्हणून दोन पायल्या ज्वारी दिली. आणि लिंबाखाली टेकलो की मित्राला फोन लावतो. तो रोज पहिल्यांदा एकच विचारतो, "पायी आलास का गाडीवर?"