दहावा माणूस

हिब्रू भाषेतील ‘मिन्यान’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘मोजणी’ असा आहे. यहुदी धर्मात मात्र सामुदायिक उपासनेस आवश्यक असणाऱ्या दहा प्रौढांच्या मेळ्यास ही संज्ञा लावतात. परंपरेने हे दहाजण तेरा वर्षांवरील पुरुष असावे लागतात. एकट्याने प्रार्थना करण्यास आडकाठी नाही. परंतु तोरा ग्रंथाचे विधिपूर्वक वाचन आणि मृताच्या आप्ताने म्हणावयाचे ‘कद्दिश’ हे स्तोत्र यांस मिन्यान हवेच.

सरकारी कचेरीत वावरणाऱ्यांस यावरून गणपूर्ती आठवेल. पण गणपूर्तीअभावी सभा फार तर तहकूब होते. मिन्यान जमले नाही तर पुत्रास पित्यासाठी कद्दिश म्हणता येत नाही. आपल्याकडेही अखेरच्या प्रवासास चार खांदे लागतात, आणि त्या चौघांची विद्वत्ता कोणी विचारीत नाही. तसेच येथे नऊ पंडितांनी भागत नाही, दहा अडाण्यांनी भागते.

दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ साली ज्यूडा हायम सिनेगॉग उभे राहिले. येथील यहुदी कुटुंबे मूठभर. मराठी बोलणारे बेने इस्रायलही त्यांतलेच. दहा पुरुष जमणे दुर्घट, म्हणून समाजाचे धुरीण इझिकेल आयझॅक मालेकर यांनी स्त्रियांसही मिन्यानात मोजण्याचा पायंडा पाडला.

अडचण पाहून वाकविलेला नियम हा नियम उरतो काय? सनातन्यांचा हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. परंतु ‘दहा’ या संख्येचे मूळ पाहावे. मोझेसने कनान देश पाहण्यास बारा हेर धाडले. त्यांपैकी दहाजण कच खाऊन परतले. धर्मग्रंथाने या दहांना ‘मंडळी’ म्हटले, आणि त्यावरूनच तालमूदने ही संख्या ठरविली. ज्या संख्येचा उगम भित्र्या माणसांत आहे, ती योग्यतेची कसोटी असू शकत नाही. ती उपस्थितीचीच कसोटी होय. मग समोर येऊन बसलेल्या स्त्रीस न मोजणे म्हणजे ती आलीच नाही असे म्हणणे ठरते.

शिवाय, दहांऐवजी पाचांवर भागविण्याची पळवाट दिल्लीकरांनी काढली नाही. माणसास माणूस लागतो, हे नियमाचे मर्म त्यांनी अभंग ठेविले. परमुलखातील आपल्या मंडळांनीही माणसे कमी पडतात अशी तक्रार करण्यापूर्वी, मोजावयाचे कोण राहून गेले ते पाहावे.