बदलत्या काळांत न बदलणारें प्रेम



जालना जिल्ह्यांतील जांब समर्थ ह्या गांवीं 1608 सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. परंपरा असें सांगते कीं, बारा वर्षांचा हा मुलगा लग्नमंडपांतून निघून गेला, तो चोवीस वर्षांनीं आईच्या दारीं आला. तोंपर्यंत आईची, राणूबाईची, दृष्टि गेली होती. मुलाचें वय, वेष, आवाज, सर्व कांहीं बदललें होतें. आईची ममता मात्र होती तशीच होती. ह्या गोष्टींतील सत्य कोणत्याहि धर्माच्या मनुष्यास पटेल. यशया संदेष्ट्यानेंहि देवाच्या प्रेमाविषयीं बोलतांना आईचाच दाखला घेतला, आणि देवाचें प्रेम त्याहूनहि टिकाऊ आहे असें सांगितलें.

परंतु हें ऐकून सर्वांचेंच समाधान होत नाहीं. ह्याच भागांतील एका वृद्ध बांधवाची मोसंबीची बाग 2012-13 च्या दुष्काळांत वाळली. त्यांनीं टँकरचें पाणी विकत घेऊन घातलें, त्यापायीं कर्ज झालें, आणि शेवटीं पोटच्या पोरांसारखीं वाढविलेलीं झाडें तोडावीं लागलीं. मुलगा कामाकरितां पुण्यास गेला. मी भेटीस गेलों तेव्हां ते म्हणाले, "पाळकसाहेब, देवाचें प्रेम बदलत नाहीं असें तुम्ही सांगतां. मग माझी विहीर कां आटली?" मीं घाईनें उत्तर दिलें, "देव तुमची परीक्षा पाहत असेल." ते गप्प राहिले. पुढें कित्येक रविवार ते उपासनेस आले नाहींत.

माझें कोठें चुकलें, ह्याचा मीं पुष्कळ विचार केला. न बदलणें हें दोन प्रकारचें असतें. रस्त्यावरील मैलाचा दगड बदलत नाहीं, कारण त्यास कांहीं वाटतच नाहीं. आईहि बदलत नाहीं. पण ती तान्ह्या लेंकरास दूध देते, आजाऱ्यास कडू काढा देते, आणि मोठ्या झालेल्यास हात सोडून चालूं देते. तिचें वागणें वेळेप्रमाणें बदलतें, मन बदलत नाहीं. देवाचें न बदलणें ह्या दुसऱ्या प्रकारचें आहे.

तथापि ह्यावरून प्रत्येक दुःख म्हणजे देवानें दिलेला काढाच होय, असें म्हणतां येत नाहीं. ईयोबाच्या मित्रांनीं तसेंच म्हटलें आणि देवानें त्यांस दोष दिला. मीहि त्यांच्याच पंक्तीस बसलों होतों. पाऊस कमी पडला, आणि जमिनींतील पाणी आपणच वर्षानुवर्षें उपसलें, हीं कारणें समोर असतां दुःखिताच्या दारीं जाऊन देवाच्या मनांतला हेतु सांगण्याचा अधिकार मला कोणीं दिला? पाणी हें देवाच्या प्रेमाचें दान आहे. पण त्यावरून त्या प्रेमाचें माप काढूं नये. तसें मापावयाचें तर वधस्तंभावरील पुत्रावर पित्याचें प्रेमच नव्हतें असें म्हणावें लागेल.

आपल्या जालन्याचाच एक दाखला पाहा. 1843 सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि त्याच वाटेवर होता. पण न्यायालयानें त्या मुलास वडिलांच्या हवालीं केलें. त्यास जातींत परत घेण्यावरून मोठा वाद माजला. एका घरांतील दोन भाऊ असे दोन बाजूंस गेले. पुढें नारायण शेषाद्रि जालन्यास आले, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांकरितां त्यांनीं बेथेल ही वसाहत वसविली. 1891 सालीं, प्रवासांत असतां, समुद्रावरच त्यांचें देहावसान झालें. तुटलेलें घर त्यांस जसेंच्या तसें परत मिळालें नाहीं. पण ज्यांस कोणी जवळ करीत नसे त्यांस आपलें म्हणण्याचें बळ त्यांच्यापाशीं उरलें होतें. तें बळ कोठून आलें, हें विश्वासणाऱ्यांस सांगणें नको.

त्यानंतर ह्या मुलखाचें किती पालटलें! 1948 सालीं निजामाचें राज्य गेलें, 1960 सालीं महाराष्ट्र राज्य झालें, 1981 सालीं जालना हा वेगळा जिल्हा झाला. राज्यें आणि सीमा बदलल्या, तरी संकटांत देवाचा धांवा करणारें मनुष्याचें हृदय तेंच आहे, आणि ऐकणाराहि तोच आहे.

म्हणून जो ह्या प्रेमाचा आधार घेतो, त्यावर एक ऋणहि येतें. शेजाऱ्याची बाग हिरवी असतां आपण त्याच्या ओसरीवर बसत होतों. ती वाळल्यावर आपण वाट बदलली काय? मुलगा शहरांतून बदलून आला, तर त्यास दार पूर्वीप्रमाणें उघडतें काय? आपल्या प्रेमास ऋतु असतील, तर देवाच्या प्रेमास ऋतु नाहींत हें लोकांनीं कशावरून मानावें?

मी त्या बांधवांकडे पुन्हां गेलों आणि म्हणालों, "त्या दिवशीं मी न कळतां बोललों. विहीर कां आटली, हें मला ठाऊक नाहीं. मला क्षमा करा." ते बराच वेळ बोलले नाहींत. मीहि बोललों नाहीं. दिवस मावळतांना त्यांनीं डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आतां प्रार्थना करा." आम्हीं दोघांनीं मिळून प्रार्थना केली.