ध्वजाचे कापड

प्रतीकाला अर्थ कोठून येतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुना असला, तरी राष्ट्रध्वजाच्या बाबतीत तो विशेष अवघड होतो. कारण देवमूर्तीला निदान प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रपूर्वक चैतन्याचे आवाहन, हा विधी असतो, ध्वजाला तसा कोणताही संस्कार नसतो.

अर्थ रंगांत असतो, असे सर्रास सांगितले जाते. परंतु संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी संमत केलेला ठराव केशरी, पांढरा आणि गडद हिरवा एवढी नावेच देतो. त्याग, सत्य, भूमीशी नाते हे अर्थ राधाकृष्णन यांनी त्या दिवशीच्या भाषणात उलगडले. त्याआधी १९२१ मध्ये रंगांची वाटणी धर्मसमुदायांनुसार झाली होती आणि १९३१ मध्ये काँग्रेसने तो अर्थ जाणीवपूर्वक बाजूला सारला. चक्राची कथा याहून बोलकी आहे: ठराव त्याला चरख्याचे प्रतीक म्हणतो, आकृती मात्र सारनाथच्या अशोककालीन सिंहशीर्षावरील चक्राची घेतो, आणि नेहरूंनी दिलेले एक कारण अगदी व्यवहारातले होते, की चरखा ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही. अर्थ असे बदलत गेले, तरी ध्वजाविषयीचा आदर त्यामुळे उणावला नाही. तेव्हा त्या आदराचे मूळ रंगांत शोधणे व्यर्थच.

ते द्रव्यातही नाही, कारण ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने खादीबरोबर यंत्रावर विणलेले पॉलिएस्टरही ध्वजसंहितेला मान्य झाले (खादीनिष्ठांना ते रुचले नाही, हे स्वाभाविकच). मग उरतो तो वापर. गुढीपाडव्याला काठीला बांधलेला जरीचा खण, कडुलिंबाची डहाळी आणि साखरेच्या गाठी यांच्यासह दिवसभर पूजनीय असतो, पण सूर्यास्ताला गुढी उतरली, की तोच खण घडी घालून कपाटात जातो आणि पुढे त्याची चोळीही शिवता येते. राष्ट्रध्वजाला अशी परतीची वाट नाही: त्याचा पडदा करता येत नाही, तो उशीवर वा रुमालावर छापता येत नाही, कमरेखालच्या वस्त्रात वापरता येत नाही. मीमांसक ज्याला विनियोग, म्हणजे एखाद्या वस्तूची विशिष्ट कार्यासाठी नेमणूक, म्हणतात, तो येथे इतका एकनिष्ठ आहे, की बाकीचे सर्व उपयोग नाकारल्यानेच कापड ध्वज होते, असे म्हणावे लागते. म्हणूनच प्रतिष्ठेचा विधी नसलेल्या या वस्तूला विसर्जनाचा मात्र आहे: फाटलेला, विटलेला ध्वज तुकडे न करता, संपूर्ण आणि एकांतात, शक्यतो अग्नीला द्यावा, असे संहिता सांगते.